लुगड्याची आगगाडी

निपाणीला आगगाडी नव्हती. तंबाखू होती, वखारी होत्या, पैसा होता, पैशाला शोभणारी भांडणं होती. पण आगगाडी नव्हती. इंजिनाचं तोंड बघायचं तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर तवंदीचा घाट चढून-उतरून बेळगाव. अशा गावात शनिवारची सकाळची शाळा सुटली की हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या वर्गातून शिट्टी ऐकू यायची, आणि रस्त्यानं चाललेला वखारीतला एखादा तोलाईदार टॉवेलनं तोंड पुसत म्हणायचा, "सुटली मास्तरची गाडी."

मास्तर म्हणजे यल्लाप्पा मास्तर, आमचे ड्रॉइंगचे शिक्षक.

मी त्या शाळेत लागलो तेव्हा नवाकोरा बी.ए. होतो. बेळगुंदीच्या आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मी फार वेळा सांगतो असं घरचे म्हणतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांनी सांगू नये, मी सांगणार. आमच्या शाळेत एक रीत होती. पदवी असलेला तो 'सर', नसलेला तो 'मास्तर'. यल्लाप्पा मास्तर माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठे, पण मी आलो की ते उठून उभे राहायचे आणि "या सर" म्हणायचे. मी त्यांना कधी "बसा" म्हटलं नाही. त्या वयात ते मला बरोबरच वाटायचं.

माणूस बेळगावला लागून असलेल्या वडगावचा, विणकराच्या घरातला. वडील मागावर बसायचे, थोरला भाऊ बसायचा. ह्यांचा हात चित्राकडे वळला म्हणून कुणीतरी मुंबईच्या परीक्षांना बसवलं. मागावर ते बसले नाहीत, पण बोटं मागाचीच राहिली. खिशात कायम सुताचा एक गुंडा असायचा. तुमच्याशी बोलताना एका हातानं, न बघता, गाठ मारायचे आणि सोडायचे. हेडमास्तर रागावत असले की गाठी जास्त.

त्यांचे दोन बोल शाळेत प्रसिद्ध होते. पहिला, "मोजलासा?" उकाडा फार आहे म्हणा, पोरगं उंच झालं म्हणा, वर्ग लहान पडतो म्हणा, मास्तर विचारणार, "मोजलासा?" दुसरा पोरांसाठी. पट्टीशिवाय रेघ काढायला सांगायचे, आणि वाकडी आली म्हणून पोरगं रडकुंडीला आलं की म्हणायचे, "सरळ रेघ देवाला बी येत न्हाय रं. नदी बघ, वाट बघ. तुझी बरी हाय."

आता गाडीचं. बेळगावात कॅम्पातले साहेब बदलून विलायतेला निघाले की त्यांच्या सामानाचा लिलाव व्हायचा. मास्तर एका दिवाळीच्या सुट्टीत वडगावला गेले होते, आणि बायकोसाठी भावानं मागावरून नुकतंच उतरवलेलं लुगडं बगलेत घेऊन कॅम्पातनं चालले होते. बंगल्याच्या पडवीत एक लाकडी खोकं उघडं पडलं होतं. आत हिरवं इंजिन, चावीचं, पितळी धुराड्याचं. तीन डबे. रुळांचे तुकडे. लिलाव संपला होता; ते खोकं बटलरला बक्षीस मिळालं होतं, आणि बटलरला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. त्याची नजर लुगड्यावर गेली. मास्तरांची इंजिनावर होतीच.

"मी इचार केलो न्हाय सर," मास्तर मला सांगत होते. "इचार केलो असतो तर लुगडं घेऊनच घरी आलो असतो."

त्यांच्या बायकोचं नाव काशाक्का. बुटकी, ठसठशीत, आणि बोलण्यात मास्तरांच्या दहापट. दुसरी एखादी असती तर रडली असती, माहेरी निघून गेली असती. काशाक्कानं नवऱ्याला जन्मभराची शिक्षा दिली. ती त्या गाडीला गाडी म्हणेनाच. घरी कुणी आलं की म्हणायची, "बसा. चहा ठेवते. तवर माझं लुगडं फिरतंय ते बघा." गाडी रुळावरून घसरली की आतून आवाज यायचा, "पदर अडकला वाटतं!" सगळ्या गावात ती गाडी 'लुगड्याची आगगाडी' झाली. मास्तर हसायचे आणि गाठ मारायचे.

घर लहान, म्हणून गाडी शाळेत आली. ड्रॉइंगच्या वर्गातली चार मोठी टेबलं जोडून मास्तरांनी त्यावर बेळगाव ते निपाणी रस्ता उभा केला. नसलेला रेल्वेरस्ता. विलायती रूळ पुरले नाहीत तेव्हा पत्र्याच्या पट्ट्या कापून रूळ केले आणि मागाच्या जुन्या कांड्या चिरून त्यांचे स्लीपर. कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालून डोंगर. तंबाखूच्या वाळक्या काड्यांची झाडं. बेळगाव सोडलं की काकती, मग हत्तरगी, संकेश्वर, आणि शेवटी निपाणीचं स्टेशन, सिगारच्या खोक्याचं. निपाणीच्या स्टेशनावर एक पितळी घुंगूर टांगलेला. काशाक्काच्या माहेरच्या बैलाच्या गळ्यातला. इंजिन त्याला जाऊन थडकलं की तो वाजायचा. वाजला म्हणजे गाडी आली.

नियम एकच. चावी दिल्यावर गाडीला बोट लावायचं नाही. अडली तर अडली. पोरं हळहळायची, "मास्तर, जरा ढकलू?" मास्तर म्हणायचे, "खऱ्या गाडीला बोट कुणाचं लागतंय रं?"

पोरं नावाला होती. शनिवारी खरी गर्दी मोठ्यांची. पोस्टमास्तर यायचे, दवाखान्यातला कंपाउंडर यायचा, वखारीतले दोघं-तिघं यायचे. एकट्यानं यायची लाज वाटायची म्हणून प्रत्येकजण कुणाचं तरी पोर बोटाला धरून यायचा आणि आल्यावर ते पोर विसरायचा. गार्ड कुणी व्हायचं ह्यावरून कंपाउंडर आणि पोस्टमास्तर दोन आठवडे बोलत नव्हते. मी पहिले काही शनिवार स्टाफरूममध्ये पेपर धरून बसलो. बी.ए. झालेल्या माणसानं चावीची गाडी बघायला जायचं म्हणजे काय! मग एकदा खडू आणायला म्हणून गेलो. त्यानंतर मला खडू फार लागू लागले.

हे सगळं मास्तर कशासाठी करतात ते मला पुष्कळ उशिरा कळलं. काशाक्काला मोटार लागायची. लागायची म्हणजे साधी नव्हे; घाटाच्या पहिल्या वळणावर सुरू झालं की बेळगावात उतरल्यावरही दोन दिवस उठायची नाही. पुढं पुढं कुठला ड्रायव्हर तिला घेईना. म्हणून माहेरी जायचं तर बैलगाडीनं, वाटेत संकेश्वरला मुक्काम. तिची म्हातारी आई वडगावात, एकटी. वर्षातून एकदा भेट, फार तर दोनदा. टेबलावरची गाडी बेळगावाहून सुटली की मास्तर पोरांना भूगोल सांगायचे, पण मनात हिशेब वेगळा होता. रेल्वे झाली तर काशाक्का सकाळी आईच्या हातची भाकरी खाऊन संध्याकाळी निपाणीत असेल.

आणि एका वर्षी खरंच बातमी आली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. रेल्वेचा एक इंजिनिअर साहेब गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला निपाणीत येणार होता. आमच्या शाळेचे चेअरमन मोठे वखारवाले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांनी ठरवलं, अर्ज काय सगळीच गावं देतात, आपण साहेबाला गाडी चालवून दाखवू. मास्तरांची गाडी.

मास्तरांना आनंद झाला आणि तिथंच घोटाळा झाला. टेबलावर तोवर तवंदीचा घाट नव्हता. संकेश्वर ते निपाणी सपाट पट्टी होती. "साहेब बघणार, तर घाट पाहिजेच की," मास्तर म्हणाले. सुट्टी होती. काशाक्का माहेरी निघालीच होती. ती बैलगाडीत आणि मास्तर बाजूनं चालत, हातात पाण्यानं जवळपास भरलेली आडवी बाटली, आतल्या बुडबुड्यावरून चढ बघत, सुताला गाठी मारून अंतर मोजत. गाडीवान आठ दिवस गावभर सांगत होता, "मास्तर घाटात बाटली घेऊन चाललाय आणि बायको वरनं म्हणतीया, अवो, हितं जास्त हाय, हितं मी पयल्यांदा ओकलेली!"

गावांची अंतरं टेबलावर लहान करावी लागली, पण चढ मास्तरांनी जसाच्या तसा धरला. मग ते लोंढ्याच्या पुढच्या घाटात जाऊन आले, जिथं खरी गाडी चढते. तिथला चढ मोजून एक फळी तिरकी लावली आणि इंजिन सोडलं. तीन डबे घेऊन धापा टाकत चढलं. म्हणजे इंजिनाची परीक्षा झाली. मग तवंदीच्या घाटावर सोडलं. मध्यावर थांबलं, चाकं जागीच फिरली आणि सगळी गाडी मागं घसरत संकेश्वरात आली.

दहा वेळा केलं. दहा वेळा संकेश्वर.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी दादासाहेब बघायला आले. दोनदा घसरलेली गाडी बघितली आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, घाट जरा बसवा."

"बसवू म्हणजे?"

"चार बोटं खाली घ्या. लगदाच हाय न्हवं?"

"पण दादासाहेब, मोजलाय मी."

"तुमी मोजलासा, साहेब मोजणार हाय का? त्याला गाडी पोचलेली दाखवायची. गावाचं कल्याण होतंय मास्तर, चार बोटांत."

ते गेले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेतला शिकलेला माणूस. साहेबाचं इंग्रजी मराठीत करायचं काम माझ्याकडेच होतं. मी म्हणालो, "बसवा मास्तर. शेवटी खेळणं आहे." हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

मास्तरांनी पटाशी घेतली. टोक घाटाच्या माथ्यावर टेकवलं. तेवढ्यात डबा घेऊन काशाक्का आली. आदल्याच आठवड्यात माहेराहून परतली होती. आई अंथरुणाला लागलेली होती. तिनं पटाशी बघितली, माझं तोंड बघितलं.

"काय चाललंय?"

मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की रेल्वे आली तर सगळ्यात जास्त फायदा तुमचाच आहे.

काशाक्का डबा ठेवून घाटाजवळ आली. एक एक जागा बोटानं दाखवू लागली. "हितं पयल्यांदा. हितं दुसऱ्यांदा. हितं ड्रायव्हरनं खाली उतरवली, दगडावर बसलेली मी." मग नवऱ्याला म्हणाली, "घाट एवढाच हाय. मला ठावं हाय त्यो. हितं बसवलासा म्हणून तिथं बसणार हाय व्हय? मग उद्या गाडी आणतील आणि मधीच अडकवून ठेवतील, आत मला बसवून! जेवा आधी."

मास्तरांनी पटाशी ठेवली आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. साहेब उन्हानं लाल झालेला, दमलेला, मितभाषी. मास्तरांनी धोतर इस्त्रीचं नेसलेलं, हातात शिट्टी. गाडी सुटली. काकती झालं, हत्तरगी झालं, संकेश्वर झालं. घाटाला लागली. लोक श्वास रोखून उभे. मास्तरांनी रात्री चाकांना राळ चोळली होती, डबा एकच ठेवला होता. जेवढं प्रामाणिकपणे करता येतं तेवढं सगळं केलं होतं. गाडी मध्याच्या थोडी वर गेली. थांबली.

"बोट लावा," दादासाहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

मास्तर हलले नाहीत. हातातल्या सुताला गाठीवर गाठी पडत होत्या. इंजिन मागं सरकलं, घसरलं, आणि सिगारच्या खोक्यावरचा घुंगूर तसाच टांगलेला राहिला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

साहेब मात्र टेबलाशी उकिडवा बसला. डोळा रुळाच्या पातळीला नेला, घाटाकडे बराच वेळ बघितलं. हे कुणी मोजलं, विचारलं. मी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी बाटली दाखवली. साहेबानं बाटली हातात घेतली, आडवी धरली, हसला, आणि मास्तरांशी हस्तांदोलन केलं. मग मला इंग्रजीत म्हणाला, ह्यांना सांगा, चढ बरोबर मोजलाय. पण रस्ता सरळ वर का नेता? डोंगराला वळसे घालत न्या, लांब पडेल, पण चढेल.

दादासाहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मास्तर तोंडावर आपटलेले, आणि त्यांचीच स्तुती मी चारचौघांत मराठीत करायची! मी म्हणालो, "साहेब म्हणतात, बरं आहे." एवढंच म्हणालो.

रेल्वे आली नाही. ती येणारच नव्हती असं मला आता वाटतं. असले साहेब गावोगाव येतात आणि कागद कपाटात जातात. त्यात पुढं लढाई लागली. पण गावाला कारण हवं होतं आणि ते डोळ्यांदेखत घसरलेलं होतं. "मास्तरच्या खेळण्यानं गावाची रेल्वे घालवली," हे शहाणीसुरती माणसं बोलू लागली. तंबाखूचा भाव पडला तरी मास्तर, मोटार चुकली तरी मास्तर. शनिवारची गर्दी आटली. पोस्टमास्तर आणि कंपाउंडर ह्यांची मात्र ह्या एका मुद्द्यावर घट्ट दोस्ती झाली. टेबलं वर्गाला हवीत म्हणून चेअरमनांचा निरोप आला, आणि मास्तरांनी बेळगाव ते निपाणी तुकड्या-तुकड्यांनी हातगाडीवरून घरी नेलं. मी गेटापाशी उभा होतो. त्यांनी मला बघितलं आणि हातगाडी थांबवून म्हणाले, "या सर, येत चला घरी."

मी दोनदा-तीनदाच गेलो. ज्याला सांगायचं वाक्य आपण गिळलंय त्याच्या घरी चहा उतरत नाही. लढाईच्या दुसऱ्या वर्षी काशाक्काची आई वारली. निरोप आला तेव्हा काशाक्का बैलगाडीनं निघाली. पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्याच सुमारास मला बेळगावात नोकरी मिळाली आणि मी निपाणी सोडली.

त्यानंतर मास्तर मला एकदाच दिसले. स्वराज्याच्या आधीचा शेवटचा उन्हाळा. परीक्षेच्या पेपरांच्या कामासाठी निपाणीला गेलो होतो. काम दुपारीच उरकलं, परतीची मोटार तीनला होती. पाय त्या गल्लीत वळले.

दार उघडंच होतं. मास्तर रिटायर झालेले, केस सगळे पांढरे, उठायला गुडघ्यावर हात टेकून वेळ लागला. तरी उठलेच, "या सर" म्हणाले. ह्या वेळी मी म्हणालो, "बसा हो मास्तर." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

आणि मग मला घर दिसलं. बेळगावचं स्टेशन स्वयंपाकघरात चुलीपासून चार हातांवर होतं. तिथून रूळ उंबऱ्याला पाडलेल्या खाचेतून पुढच्या सोप्यात आले होते. सोप्यात तवंदीचा घाट. उंची तीच, एका बोटानंही कमी नाही. पण रूळ आता सरळ वर जात नव्हते. डोंगराला कवेत घेऊन एक वळसा, मग मागं फिरून दुसरा, मग तिसरा. निपाणी पार खिडकीपाशी. घुंगूर तोच.

"सात वर्षं गेली सर," मास्तर म्हणाले. "आधी एक वळसा घातलो, चढंना. दोन घातलो, चढंना. मग कळलं, वळशाची बी घाई करायची न्हाय."

माझ्यानं राहवेना. मी सांगून टाकलं. साहेब त्या दिवशी नेमकं काय म्हणाला होता, आणि मी काय म्हणालो होतो. सगळं. मास्तर ऐकत होते. हातात सूत होतं, पण बोटं थांबली होती.

मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. "बरं केलासा की सर! सांगितला असतासा तर आठ दिवसांत गाडी चढली असती. मग एवढी वर्षं मी काय केलो असतो?" आणि जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, "पण मोजलेलं बरोबर होतं म्हणाला न्हवं?"

"बरोबर होतं म्हणाला. हात मिळवला तो त्याचसाठी."

"अगं, ऐकलीस?" त्यांनी आत हाक दिली. "चढ बरोबर होता!"

"मला इचारला असतासा तर मी बी सांगितलं असतं," आतून काशाक्का म्हणाली. "ओकलेय मी त्यात." ती बेळगावच्या स्टेशनापाशी पाटावर बसली होती. पाय सुजलेले, आता घराबाहेर फारशी पडत नव्हती. तिनं शेवटच्या डब्यात खडीसाखरेचे दोन खडे ठेवले. "पावण्यास्नी. वडगावची हाय बरं का," म्हणाली, आणि चावी दिली.

गाडी उंबरा ओलांडून सोप्यात आली. काकती, हत्तरगी, संकेश्वर. घाटाखाली थांबली, मास्तरांनी पुन्हा चावी दिली. "हितं इंजिन पाणी घेतं," मला समजावलं, "बोट लावणं न्हवं हे." मग ती वर निघाली, इतकी हळू की भिंतीवरची पाल तिच्या पुढं गेली असती. पहिला वळसा डोंगरामागं गेली, पुन्हा दिसली. दुसऱ्या वळशाला तिचा दम कमी झाला. माझं बोट आपोआप पुढं झालं.

"ओ बी.ए. भावजी!" काशाक्का तिथून ओरडली. "हात मागं!"

मी हात मागं घेतला. तेवढ्यात स्टँडाकडून मोटारीचा हॉर्न ऐकू आला. मी उठलो.

"थांबा की. एवढं पोचू दे," मास्तर म्हणाले. डोळे गाडीवरून हलले नव्हते. सुताचा गुंडा मांडीवरून घरंगळून सोप्यात लांब गेला होता, तोही त्यांनी बघितला नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला तो म्हातारा माणूस तिसऱ्या वळशाच्या बाजूला, गाडीबरोबर, किंचित झुकत चालला होता.

मी चपला घातल्या आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो असेन. मागून, अगदी बारीक, घुंगूर वाजला. आणि लगेच काशाक्काचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा,

"आलं गं बाई माझं लुगडं!"